टिकली करमुक्त, लिपस्टिक चैनीची: जव्हार-मोखाड्याच्या नटण्याचा इतिहास

हेडफोन लावून ऐकणारे, एसटीत खिडकीला डोकं टेकून ऐकणारे आणि रेंज गेली म्हणून ऐकण्याऐवजी इथे वाचणारे, सगळ्यांचं स्वागत.

आजचा एपिसोड सुरू होतो तीस रुपयांच्या एका लिपस्टिकपासून.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या पाड्यावर शहरातून काही मंडळी आली होती. कसल्यातरी अहवालासाठी त्यांना फोटो काढायचे होते. माझी मावसबहीण तेव्हा सतरा वर्षांची. फोटो काढणार म्हटल्यावर ती आत गेली, केस विंचरले, टिकली लावली आणि जव्हारच्या बाजारातून घेतलेली ती लिपस्टिक लावून बाहेर आली. त्यांच्यातल्या बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "बेटा, ती लिपस्टिक जरा पुसशील? नॅचरल दिसू दे."

तिने ओढणीच्या टोकाने ओठ पुसले. फोटो निघाला. ती मंडळी गेल्यावर मला म्हणाली, "ताई, मी चांगली दिसत होते ना? मग?"

मला उत्तर देता आलं नाही. आजचा एपिसोड म्हणजे त्या "मग?"चं उशिरा दिलेलं उत्तर.

आमच्या भागाबद्दल एक वाक्य तुम्हीही कधीतरी ऐकलं असेल: "खायला नाही अन् म्हणे लिपस्टिक लावतात." या वाक्यात असं धरलेलं असतं की आधी पोट भरायचं, मग नटायचं, आणि पोट भरलं नसेल तर नटणं म्हणजे लबाडी. आपण जरा मागे जाऊन बघू, इतिहास काय सांगतो.

तांदूळ कमी, तरी भिंतीवर तांदूळ

सुरुवात लग्नघरापासून करू. वारली लग्नात सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात. हो, आमच्याकडे चौक 'लिहितात'. आधी गेरूने किंवा शेणाने सारवलेली भिंत, त्यावर तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, मध्ये पालघाट देवी. धवलेरी गाणी म्हणते आणि लग्न लावते. चौक नाही तर लग्न नाही.

आता बघा, रंग कशाचा? तांदळाचा. ज्या घरात पावसाळ्यात भात पुरायचा नाही, नागली-वरईवर दिवस काढायचे, त्याच घरात लग्नाच्या वेळी तांदूळ वाटून भिंतीला लावले जायचे. बायकांना हिशोब कळत नव्हता असं थोडंच आहे? पण भिंत कोरी ठेवून लग्न लावायचं नाही, हेही त्यांना कळत होतं.

अंगाचंही तसंच. माझ्या आजीच्या कपाळावर, हनुवटीवर आणि हातांवर गोंदण आहे. काजळीचा रंग, सुया आणि दोन दिवस सुजलेला हात. आजी म्हणते, "बाय, दागिना सावकार नेल, लुगडं फाटंल, गोंदण कोन नेनार?" मेल्यावर सोबत येतं ते फक्त गोंदण, ही समजूत तुम्ही कुठल्याही पाड्यावरच्या म्हातारीकडून ऐकाल. केसांना मोहाच्या बियांचं तेल, धुवायला शिकेकाई, अंबाड्यात रानातलं फूल, गळ्यात मण्यांच्या माळा, हातात कासाराकडच्या काचेच्या बांगड्या. के. जे. सावे यांचं 'द वारलीज' हे पुस्तक 1945 साली आलं. बाहेरच्या माणसाने वारल्यांची माहिती सविस्तर लिहून ठेवलेल्या सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते एक. म्हणजे हे नटणं कागदावर यायच्या कितीतरी आधीपासूनचं आहे.

त्यातलं बरंचसं रानातून आणि हातातून यायचं, त्याला पैसा लागायचा नाही. पैसा लागायचा तो कापडाला. आणि खरी गोष्ट तिथेच सुरू होते.

लग्नगडी

हा शब्द ऐकलाय का कधी? लग्नगडी. गडी म्हणजे राबणारा माणूस. लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून कर्ज काढायचं आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचं. नुसता नवरा नाही, जिच्याशी लग्न झालं ती बायकोही. हिशोबाची वही सावकाराची आणि वाचता येणारा डोळाही त्याचाच. त्यामुळे कर्ज फिटलं की नाही, हेही तोच सांगणार.

इथे थोडा भूगोल लागेल. स्वातंत्र्याआधी जव्हार हे मुकणे घराण्याचं संस्थान होतं. कोळी राजांचं राज्य, डोंगरावर राजवाडा. 1948 मध्ये ते विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आलं. शेजारचं मोखाडं मात्र ब्रिटिशांच्या ठाणे जिल्ह्यात, एक पेटा म्हणून. डहाणू, उंबरगाव आणि शहापूरबरोबर मोखाडंही सरकारने 'अंशतः वगळलेल्या' आदिवासी भागात घातलं होतं. सिमिंग्टन नावाच्या अधिकाऱ्याने 1930 च्या दशकाच्या शेवटी मुंबई प्रांतातल्या अशा भागांचा अहवाल लिहिला, त्यात या वेठीचं वर्णन आहे. पुढे 1945 मध्ये डहाणू-उंबरगावकडे वारल्यांचा उठाव झाला. वेठबिगार आणि लग्नगडी बंद करा, ही त्याची मुख्य मागणी. गोदावरी परुळेकर त्या लढ्यात होत्या, आणि 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात त्यांनी तो सगळा काळ लिहून ठेवलाय. वेठबिगारी देशभर कायद्याने बंद झाली ती 1976 साली.

माझे पणजोबा लग्नगडी होते. कर्ज कशाचं? लग्नातलं जेवण, दारू, आणि नवरीचं लुगडं. आजी सांगते, तिच्या आईचं ते लग्नाचं लुगडं फाटून त्याच्या चिंध्या झाल्या, चिंध्यांची गोधडी झाली, तरी कर्ज चालूच होतं. पणजीकडे अंगावर घालायला तेवढं एकच लुगडं. ओढ्यावर जायचं, अर्धं नेसून अर्धं धुवायचं, ते वाळलं की उरलेलं अर्धं.

म्हणून मंडळी, कोणी मला म्हणतं ना, "आदिवासी किती साधे असायचे, गुडघ्यापर्यंतचं लुगडं, किती नैसर्गिक!" तेव्हा मला पणजी आठवते. गुडघ्यापर्यंत नेसायची ती आमची रीतच, चिखलात लावणी करायला ती सोयीची आणि आम्हाला ती आवडते. पण एकच लुगडं असणं ही रीत नव्हती. त्याला गरिबी म्हणतात.

मुंबईत स्नो, आमच्याकडे रॉकेल

त्याच काळात जव्हारपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर मुंबईत काय चाललं होतं? 1919 साली पाटणवाला नावाच्या उद्योजकाने 'अफगाण स्नो' ही क्रीम बाजारात आणली आणि ती मध्यमवर्गीय घरांत पोचली. 1952 साली टाटांच्या तेल-साबणाच्या कंपनीने 'लॅक्मे' सुरू केली. परदेशी प्रसाधनांवर देशाचं परकीय चलन खर्च होत होतं, म्हणून पंतप्रधान नेहरूंनीच टाटांना गळ घातली, अशी गोष्ट सांगितली जाते. नाव एका फ्रेंच ऑपेराचं, आणि तो शब्द मुळात आपली 'लक्ष्मी'. म्हणजे लक्ष्मी पॅरिसला गेली आणि लिपस्टिक लावून परत आली!

पण सरकारचंही बघा. कारखाना हवा, पण वस्तू चैनीची. म्हणून प्रसाधनांवर पुढे कित्येक वर्षं भरभक्कम उत्पादन शुल्क. ही नजर जुनी आहे आणि अजून गेलेली नाही. 1 जुलै 2017 ला जीएसटी आला तेव्हाचे दर बघा. कुंकू, टिकली, काचेच्या बांगड्या शून्य टक्के. लिपस्टिक 28 टक्के. सॅनिटरी पॅड 12 टक्के! नोव्हेंबर 2017 मध्ये लिपस्टिक 18 टक्क्यांवर आली, आणि बायकांनी आवाज उठवल्यावर जुलै 2018 मध्ये पॅडवरचा कर गेला. टिकली गरजेची, लिपस्टिक चैनीची आणि पाळी दोन्हींच्या मधली. हे कोणी ठरवलं असेल, विचार करा.

लॅक्मे निघाली त्याच सुमारास माझी आजी जन्मली. तिच्या लहानपणी आमच्या घरी विकत आणायच्या वस्तू म्हणजे मीठ, रॉकेल आणि वर्षाला एखादं कापड. पावडरचा डबा तिने पहिल्यांदा बघितला तो शाळेच्या बाईंकडे. "त्या आल्या की आधी वास यायचा, मग बाई," ती अजून हसून सांगते.

पुडीने केलेली क्रांती

मग बदल कधी झाला? बदल आला पुडीतून.

तमिळनाडूत कडलूरला चिन्नी कृष्णन नावाचे एक गृहस्थ होते. श्रीमंत जे वापरतो ते मजुरालाही वापरता आलं पाहिजे, हा त्यांचा ध्यास, आणि त्यांनी शाम्पू छोट्या पुडीत भरला. त्यांचा मुलगा सी. के. रंगनाथन याने 1983 साली थोड्याशा भांडवलावर स्वतःचा धंदा काढला आणि 'चिक' शाम्पू आणला. पाच रिकाम्या पुड्या परत द्या, एक भरलेली फुकट न्या, अशी त्याची योजना होती. 1990 च्या दशकाच्या शेवटी चिकची पुडी पन्नास पैशांना मिळायला लागली. मोठ्या कंपन्यांनाही मग पुडीच्या मागे यावं लागलं.

पुडी स्वस्त असते असं आपण म्हणतो. खरं तर मिलीच्या हिशोबाने ती दर वेळी बाटलीपेक्षा स्वस्त पडतेच असं नाही. पण जिला रोजची मजुरी रोज मिळते, तिच्या हातात बाटलीचे शंभर रुपये एकदम कधीच नसतात. तिच्यासाठी भाव मिलीचा नसतो, आजच्या दिवसाचा असतो. पुडीने बाटलीचा भाव मजुरीच्या मापात कापून दिला. उधारी नाही, वही नाही, सावकार नाही. नाणं द्या, पुडी घ्या, विषय संपला. (त्या पुड्यांचा प्लॅस्टिकचा कचरा आमच्या ओढ्यांत साचतो हेही खरंच. त्यावर स्वतंत्र एपिसोड करू.)

माझी आई त्या पिढीतली. दिवाळी झाली की आमच्याकडची अर्धी माणसं जगायला बाहेर पडतात. भिवंडी, वसई, ठाणे, कल्याण, नाशिक. वीटभट्टी, बांधकाम, रेती. परत यायचं ते शिमग्याला. आई-बाबा भिवंडीच्या बाजूला भट्टीवर. आठवड्याला खर्ची मिळायची, त्यातून मीठ-मिरची, तेल, सुकट. आणि आई सांगते तसं, एक शाम्पूची पुडी. विटांची धूळ केसांत बसली की साध्या साबणाने निघत नाही. "त्या एका दिवशी केस माझे वाटायचे," ती म्हणते. मी हे वाक्य कुठल्याही जाहिरातीत ऐकलेलं नाही.

तिची पहिली सिंथेटिक साडीही भिवंडीच्या बाजारातली. मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप 1982 मध्ये झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत, आणि कापडाचा धंदा भिवंडी, मालेगाव, सुरतेच्या यंत्रमागांकडे आणखी सरकला. त्या मागांवरच्या कामगारांचे हाल वेगळेच. पण त्यांनी विणलेली साडी माझ्या आईला परवडली. आमच्याकडे पाऊस असा कोसळतो की सुती लुगडं चार-चार दिवस ओलंच. ही साडी चुलीच्या धगीला तासाभरात सुकायची. आईकडे पहिल्यांदाच दोन साड्या झाल्या. अर्धी धुवायची गरज संपली.

पणजीचं लुगडं कर्जाचं, आईची साडी मजुरीची. माझ्या मते आमच्या भागातल्या फॅशनच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं वळण हेच आहे. रंग, कट, डिझाइन हे सगळं त्याच्या नंतर.

कॅमेरा आला तो दिवस

आता पुन्हा त्या फोटोकडे येते. 1992 च्या पावसाळ्यात वावर-वांगणी भागात लहान मुलं दगावली. जव्हार-मोखाडा हे नाव देशभर पोचलं ते कुपोषणाशी जोडलं जाऊन. त्या बातम्या खऱ्या होत्या. त्या आल्या नसत्या तर सरकार हललं नसतं. कुपोषण आजही आहे आणि त्यावर बोलायलाच हवं.

पण तेव्हापासून आमचा एकच फोटो ठरून गेला. विस्कटलेले केस, फाटका फ्रॉक, मोठे डोळे. कॅमेरा येतो तो हा फोटो डोक्यात घेऊनच येतो, आणि समोरची मुलगी त्यात बसली नाही तर तिला पुसून बसवतो. आम्ही भुकेले असलो तरच खरे. आणि कॅमेरा दया शोधायला आला नसेल तर कला शोधायला आलेला असतो. मग मुंडावळ्या बांधा, तारपा धरा, जीन्स काढून लुगडं नेसा.

आमच्याकडे बोहाड्यात देवांची सोंगं निघतात. संबळ आणि पिपाणी वाजते, रंगवलेले मुखवटे घालून माणसं रात्रभर नाचतात. मुखवटा रंगवायला दिवस जातात, दागिने चढवतात. त्याला कोणी म्हणत नाही की आधी पोट भरा, मग रंग लावा. देवीला रंग चालतो. मग तिच्याच गावातल्या पोरीला का नाही?

लिपस्टिकच्या पैशातून झुडिओ

आता आपल्या पिढीकडे. जव्हारहून मोखाडा, त्र्यंबकेश्वर करत नाशिक साधारण ऐंशी किलोमीटर. मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट. 2024 पासून कित्येकींच्या खात्यात लाडकी बहीणचे दीड हजार. या दोन गोष्टींवर राजकारणाची चर्चा खूप झाली. मी एवढंच सांगते, की माझ्या मैत्रिणी आता ठरवून नाशिकला जातात, झुडिओत दोन तास फिरतात, एखादा टॉप आणि एक नेलपेंट घेतात, बाहेर पाणीपुरी खातात आणि शेवटच्या एसटीने परत येतात.

आणि गंमत माहितीये? सिमोन टाटा, जिनिव्हाच्या, सून होऊन मुंबईत आल्या आणि त्यांनी लॅक्मे मोठी केली. 1990 च्या दशकाच्या शेवटी टाटांनी लॅक्मे हिंदुस्तान लिव्हरला विकली. त्या पैशांतून कपड्यांच्या दुकानांचा धंदा उभा राहिला, ट्रेंट. आधी वेस्टसाइड, आणि 2016 पासून झुडिओ. म्हणजे माझी मैत्रीण जिथे टॉप घेते ते दुकान लिपस्टिकच्याच पैशांतून आलंय.

मागच्या वर्षी तिने नाशिकच्या एका साध्या दुकानातून कुर्ती आणली. त्यावर वारली चित्रं, यंत्रावर छापलेली. 1970 च्या दशकात भास्कर कुलकर्णी डहाणूकडे आले आणि त्यांच्यामुळे ही चित्रं भिंतीवरून कागदावर गेली. जिव्या सोमा म्हसे यांनी ती जगभर नेली, त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. 2014 मध्ये वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही मिळालं. आता ती अडीचशे रुपयांच्या कुर्तीवर. आजीने कुर्ती हातात घेतली, बोटाने माणसं मोजली आणि म्हणाली, "चौक कुठाय? लग्नाला आलेली मान्सं हायेत, लग्नच नाय." आम्ही हसलो. पण छापणाऱ्याला चौक माहीतच नव्हता, आणि आमच्यातल्या कोणाला त्याचा रुपयाही मिळाला नाही.

आता एक कडू गोष्ट

सगळंच गोड सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवूही नका. 1975 साली 'फेअर अँड लव्हली' आली आणि पुढची पंचेचाळीस वर्षं तिने सावळ्या मुलींना सांगितलं की नोकरी आणि नवरा गोऱ्या चेहऱ्याला मिळतो. 2020 मध्ये नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' झालं. नाव बदललं, आमच्या आरशातला तो आवाज काही लगेच गेला नाही. नटणं म्हणजे आपल्याच चेहऱ्यावर काहीतरी लावणं. गोरं होण्याचा हट्ट म्हणजे आपला चेहराच नाकारणं. या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो आपला आपल्यालाच करावा लागतो.

दुसरं, बाजारात गोरं करणाऱ्या काही क्रीममध्ये पारा सापडलाय, काहींत स्टेरॉइड असतं. आठवड्यात चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल पडते, पुरळ येतात, आणि क्रीम बंद केली की जास्तच. म्हणून ठेल्यावरून घ्या, बिनधास्त घ्या, पण डबी उलटी करून बघा. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख हवी. यातलं काहीच नसेल तर ती दहा रुपयांनाही महाग. लिपस्टिक किंवा काजळ आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. आणि स्टेरॉइडचं मलम डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय तोंडाला लावू नका, मैत्रिणीने कितीही सांगितलं तरी.

तर मंडळी, ते उशिराचं उत्तर. मावसबहिणीला मी आता सांगू शकते: तुझ्या पणजीने कर्ज काढून नेसलं, आजीने दुखणं सोसून गोंदवलं, आईने आठवड्याच्या खर्चीतून एक पुडी बाजूला काढली. तू तुझ्या लावणीच्या मजुरीतून तीस रुपये दिलेस आणि कोणाचं देणं लागत नाहीस. "नॅचरल" हवं म्हणतात ना? आमच्या घराण्यात नटणं हेच नॅचरल आहे.

ती आता नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. ओळखपत्रासाठी फोटो काढायचा होता तेव्हा तिने मला आधी विचारलं, "लिपस्टिक चालेल ना?" मी म्हटलं, लाव. तिने लावली. तो फोटो मी बघितलाय. तुम्हाला दाखवणार नाही, तो तिचा आहे.

तुमच्या आजीच्या हातावर गोंदण असेल तर आज तिच्याजवळ बसा आणि विचारा, कोणी काढलं, किती दुखलं, कशासाठी काढलं. तिने सांगितलेलं आवाजात टिपून ठेवा. पुढच्या एपिसोडला भेटू. तोवर काळजी घ्या, आणि हो, मजेत नटा.